अंगावर जाणं, अंगावर काढणं

पाळीत रक्त फार जाऊ लागलं की आपल्याकडची बाई सांगते, ‘अंगावर जास्त जातंय.’ काही वर्षांनी तिच्याच घरचे डॉक्टरांना सांगतात, ‘इतके दिवस अंगावर काढलं हिनं.’ या जाण्या-काढण्यात उमेदीची वर्षं संपतात आणि मग एका सोनोग्राफीनंतर निकाल येतो, ‘पिशवी काढून टाका.’ सोसणं आणि शस्त्रक्रिया यांच्या मधे उपचारांचा मोठा पट्टा आहे. बहुतेक औषधं देशात मिळतात. तरीही तिथवर फार थोड्या बायका पोचतात, कारण पहिला प्रश्न विचारायलाच आपण दहा वर्षं उशीर करतो.

जास्त म्हणजे किती, याचं उत्तर वैद्यकशास्त्रानं एकदा मोजून दिलं होतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या १९६६च्या अभ्यासातून ८० मिलिलिटरची रेषा आली. साधारण पाळीत याच्या निम्मंच, ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. पण घडी घातलेल्या कापडातलं रक्त मोजणार कोण? म्हणून ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २००७मध्ये मोजपट्टी बदलली: बाईच्या रोजच्या जगण्यात, कामात, मनःस्थितीत अडथळा आणणारा रक्तस्राव म्हणजे अतिरक्तस्राव. मला ही व्याख्या जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती बाईच्या शब्दाला पुरावा मानते. तिला विचारायचं ते साधंच आहे. तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागते का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का, आठव्या दिवशीही जातच असतं का.

यावर नेहमीचा आक्षेप असा की पाळी कुणाची कमी, कुणाची जास्त. त्याचा आजार कशाला करायचा? उत्तर लोहाच्या हिशेबात आहे. एका पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर त्यासोबत ३५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं, आणि आतडं अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. शरीराचा इतर खर्च त्यातूनच भागायचा असतो. दर महिन्याची ही तूट गूळ-शेंगदाण्यानं भरून निघत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. त्यामागे आहार आहे, बाळंतपणं आहेत, जंत आहेत. पण लोहाची गोळी हातात देताना ‘पाळीत किती जातं?’ असं विचारलं नाही, तर गळक्या हंड्यात पाणी ओतणं चालू राहतं.

कारणंही एकसारखी नसतात. गर्भाशयाच्या अस्तरातला कोंब, भिंतीतल्या गाठी, भिंतीतच रुतलेलं अस्तर, थायरॉईड, बीज वेळेवर न सुटणं, रक्त पातळ करणारी औषधं, कधी बसवलेली तांबी. चाळिशीनंतर कर्करोगाची शंकाही तपासून फेडावी लागते. सर्वांत दुर्लक्षित कारण मुलींमध्ये सापडतं. फिनलंडच्या ओलांद बेटांवरच्या एका पाच वर्षांच्या मुलीला एरिक फॉन विलेब्रांट यांनी १९२४मध्ये तपासलं. रक्त गोठण्यातल्या आनुवंशिक दोषाचं त्यांनी १९२६मध्ये वर्णन केलं, आणि तो दोष आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो. ती मुलगी तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत, रक्तस्रावानं गेली. शंभर वर्षं होत आली, तरी पहिल्या पाळीपासून भरपूर जाणाऱ्या मुलीला आपण ‘होईल हळूहळू नीट’ म्हणतो. हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं का, दात काढल्यावर थांबलं नव्हतं का, एवढं विचारलं तरी संशयाला दिशा मिळते.

उपचारांत सर्वांत साधं औषध म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्यानं ते १९६२मध्ये पुढे आणलं. पाळीचे जास्त जाणारे तीन-चार दिवसच घ्यायचं. स्राव सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी उतरतो. हार्मोन नसल्यानं मूल हवं असलेलीलाही चालतं. मात्र शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर देत नाहीत. दुसरं साधन हार्मोनची तांबी. गर्भाशयातच रोज थोडं लेव्होनोर्जेस्ट्रेल सोडून ती अस्तर पातळ ठेवते आणि काही महिन्यांत स्राव ७० टक्के किंवा त्याहून जास्त कमी करते. गाठी फार मोठ्या असतील तर तिची मात्रा चालत नाही, आणि सुरुवातीला अधूनमधून डाग लागतात. हे आधी सांगितलं नाही की बाई दुसऱ्या महिन्यात काढून घ्यायला येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेची ऑर्मेलॉक्सिफेन गोळी तर सरकारी केंद्रांत ‘छाया’ नावानं मोफत मिळते, पण गर्भनिरोधक म्हणून. पाळीच्या स्रावावरही ती वापरली जाते, हे किती जणींना सांगितलं जातं?

हा मधला पट्टा नसला की काय होतं ते बीडनं दाखवलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे २०१९मध्ये आलेल्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सुमारे सहापैकी एकीचं. देशात हे प्रमाण १५ ते ४९ वयोगटात तीन टक्क्यांच्या आसपास आहे. फडातला दिवस बघितला की आकड्याचा अर्थ लागतो. पहाटे अंधारात तोड सुरू. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. आडोसा नाही, कपडा धुवायला पाणी नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर, आणि एक खाडा पडला तर मुकादम दंड कापणार. अशा वेळी पाळी हीच अडचण होते.

मग कुणी म्हणेल, बाईनं स्वतः मागितली तर शस्त्रक्रिया का नाकारायची? नाकारू नयेच. रक्तस्राव कायमचा थांबवण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. औषधं हरलेल्या, मूल नको असलेल्या स्त्रीला त्यातून नवं आयुष्य मिळतं. प्रश्न तिशीच्या आतबाहेरच्या बाईचा आहे. तिला ट्रॅनेक्झॅमिकचं नावही सांगितलेलं नसतं आणि ‘उद्या कॅन्सर होईल’ एवढंच सांगितलेलं असतं. बहुतेक गाठींचा कर्करोगाशी संबंध नसतो, हे तिला कळलेलं नसतं. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. तेही काढले तर हाडं आणि हृदय दोन्हींची झीज लवकर सुरू होते. हे सगळं ऐकून केलेली मागणी आणि खाड्याच्या भीतीनं केलेली मागणी मला एका मापाची वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांवरच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला. तो हवाच होता. पण शस्त्रक्रियेच्या परवानगीची ही चौकी वाटेच्या शेवटी आहे; पहिला प्रश्न वाटेच्या सुरुवातीलाच विचारायला हवा.

फिरत्या मजुराला गोळ्या आणि फेरतपासणी कशी जमणार, ही अडचण खरी आहे. तरी टोळ्या निघायचा मोसम ठरलेला असतो. दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाची गाडी गावात लागते. त्याआधी पंधरा दिवस आशाताईनं दारात बसून ते चार प्रश्न विचारले, उपकेंद्रात हिमोग्लोबिन पाहिलं, ज्यांना चालतं त्यांच्या पिशवीत सहा पाळ्यांचं ट्रॅनेक्झॅमिक आणि लोहाच्या गोळ्या बांधून दिल्या, तर परत येईपर्यंतचा हंगाम निघतो. उन्हाळ्यात गावी आल्यावर हार्मोनची तांबी, सोनोग्राफी, आणि लागलीच तर शस्त्रक्रिया, सगळ्याला तिच्याजवळ चार-पाच महिने असतात.