मक्याच्या ताटातून उडालेला चतुर

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम सीमेजवळ झुनी या आदिवासी लोकांचं गाव आहे. तिथे वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशातही याहून जास्त पडतो. झुनींच्या पावसातला मोठा वाटा जुलै ते सप्टेंबरमधल्या गडगडाटी सरींचा. या कोरड्या पठारावर झुनी शेतकरी शतकानुशतकं मका पिकवत आले. त्यांच्या विधींतल्या मातीच्या वाडग्यांवर तीन प्राणी पुन्हा पुन्हा दिसतात: बेडकाचं शेपटीचं पिल्लू, चतुर आणि बेडूक.

फ्रँक हॅमिल्टन कुशिंग हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ 1879 साली झुनींमध्ये राहायला गेला आणि साडेचार वर्षांच्या आसपास तिथे राहिला. त्याने लिहून ठेवलेल्या काही विधींची वाच्यता व्हायला नको होती, असं अनेक झुनींचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे. पण वाडग्यांवरच्या या चित्रांचा त्याने 1886 साली छापलेला अर्थ कोणत्याही निसर्ग अभ्यासकाने नीट वाचावा असा आहे. शेपटीचं पिल्लू वसंतातल्या डबक्यात दिसतं, म्हणून ते वसंतातल्या पावसाचं चिन्ह. चतुर उन्हाळ्यात पाण्यावर घिरट्या घालतो, म्हणून तो उन्हाळी पावसाचा. आणि पुरता वाढलेला बेडूक त्यानंतरच्या पावसाचा.

म्हणजे वाडग्याच्या काठावर एका डबक्याचं वर्ष रंगवलेलं आहे. मला यात श्रद्धेइतकंच निरीक्षण दिसतं. पाणी येणं वेगळं आणि पाणी टिकणं वेगळं, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. चतुर दिसला की कुठेतरी पाणी टिकलं, हे नक्की. कारण उडणारा चतुर हा त्या जिवाच्या आयुष्याचा शेवटचा, छोटासा भाग असतो. त्याआधीचं सगळं आयुष्य पाण्यात जातं. काही जातींत ते काही आठवड्यांचं, काहींत काही वर्षांचं.

पाण्यातलं हे पिल्लू मोठं विलक्षण असतं. त्याचे कल्ले गुदाशयात असतात. पाणी आत ओढून ते श्वास घेतं आणि धोका दिसला की तेच पाणी जोरात मागे फेकून पुढे झेपावतं. खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो; सावज टप्प्यात आलं की तो क्षणार्धात पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांत डासाची अळी अडकते. पुन्हा पुन्हा कात टाकत ते वाढतं. शेवटच्या वेळी एखाद्या काडीवर चढून, पाठ फोडून, पंख घेऊन बाहेर पडतं. मागे उरलेली पोकळ कात त्या काडीला चिकटून राहते. मध्येच डबकं आटलं, तर बहुतेक जातींची पिल्लं तिथेच मरतात.

झुनींची चतुराच्या जन्माची कथा कुशिंगच्याच लेखनातून बाहेर पोचली. हाविकू गावात अमाप पीक आलं. लोक माजले, अन्नाची नासाडी करून खेळ मांडला. मक्याच्या देवकन्या म्हाताऱ्या भिकारणींच्या वेशात आल्या, तर त्यांना दारांतून हाकललं. मग दुष्काळ आला, गाव उठून गेलं आणि दोन भावंडं मागे राहिली. भुकेने रडणाऱ्या बहिणीला रमवायला भावाने मक्याच्या ताटातल्या गाभ्याचं एक पंखांचं खेळणं केलं. ते जिवंत झालं, देवकन्यांकडे उडत गेलं आणि भावंडांसाठी मका घेऊन आलं. तोच चतुर. कथेतलं हाविकू हे खरं गाव आहे. 1540 साली स्पॅनिश सरदार कोरोनाडोने ते लढून घेतलं, आज तिथे अवशेष आहेत.

पुढे मिशनरी आले. त्यांच्याकडच्या काही क्रुसांना दोन आडव्या पट्ट्या असत. एक उभी रेघ आणि दोन आडव्या: झुनी आणि त्यांच्यासारख्या इतर प्युएब्लो लोकांच्या जुन्या चित्रांत चतुर असाच काढलेला असे. तिथल्या कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या दुहेरी क्रुसांत त्यांना आपला चतुर दिसत राहिला, असं अनेक अभ्यासक मानतात.

चतुराचं चित्र टिकलं, पण त्याचं पाणी टिकलं नाही. झुनी नदीकाठी बायका मातीचे छोटे चौकोनी वाफे करत, त्यांना उंच बांध घालत आणि डोक्यावरच्या घड्यांतून आणलेलं पाणी थोडं थोडं घालून भाजीपाला वाढवत. हे चित्र विसाव्या शतकात मोडलं. वरच्या भागात जंगलतोड आणि अतिचराई झाली, माती वाहून गेली, नाले खोल खचले. सरकारने बांधलेलं ब्लॅक रॉक धरण 1908 साली पूर्ण झालं, 1909 मध्ये फुटलं, दुरुस्त झालं आणि पुढे गाळाने भरत गेलं. नदीची धार क्षीण झाली. चतुराच्या पिल्लाला लागणारी शांत, उथळ, गवताळ पाणथळ जागा अशा बदलांत सर्वांत आधी जाते.

हे दुखणं एकट्या झुनींचं नाही. जगभरातल्या चतुर आणि टाचण्यांच्या 6,016 जातींचा आढावा 2021 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतल्या 16 टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं. पाणथळ जागांचा नाश हे मुख्य कारण. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत आता पाऱ्याचं प्रदूषण मोजायला स्वयंसेवक चतुराची पिल्लंच गोळा करतात, कारण पाण्यातलं विष त्यांच्या शरीरात साठतं. पाण्याची खबर या जिवाकडून घ्यावी, हे झुनी कुंभारणींना फार आधीपासून ठाऊक होतं.

आपल्याकडे पावसाळ्यात माळांवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे येतात. ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’ ही ती जात. न्यू मेक्सिकोतही ती आढळते. पावसाच्या मागे हजारो किलोमीटर भटकायचं, तात्पुरत्या डबक्यात अंडी घालायची आणि पाणी आटायच्या आत, पाच-सहा आठवड्यांत, पिल्लांनी पंख घेऊन निघून जायचं, असा तिचा क्रम.

पण पाणी गेलं की सगळ्यांनाच असं निघून जाता येत नाही. झुनींचं एक पवित्र पाणथळ क्षेत्र शेजारच्या ॲरिझोनात आहे. तिथे दर चार वर्षांनी ते यात्रेला जातात. वरची धरणं आणि भूजलाचा उपसा यांमुळे ते सुकत गेलं होतं. प्रदीर्घ झगड्यानंतर 2003 साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्या जागेच्या पुनरुज्जीवनासाठी झुनींचा पाण्यावरचा हक्क मान्य केला.