गाडीची चावी हाती देण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की सांगली-मिरजेतील अनेक घरांत दोन प्रश्न एकदमच निघतात : क्लास कोणता आणि गाडी कोणती? विश्रामबागेतील क्लास सकाळी लवकर, वडिलांना दुकान उघडायचे, आई घरकामात गुंतलेली. मग सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ‘एमएच-१०’ची स्कूटर सहज सोपवली जाते. या सोयीमागील कायदा मात्र फारसा कोणी वाचत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार दुचाकीच्या परवान्याचे मुख्य प्रकार दोन : विनागिअर आणि गिअरसह. सोळाव्या वर्षी, पालकांच्या लेखी संमतीने, केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना मिळतो. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर १०० सीसीहून अधिक क्षमतेच्या असतात. त्यांच्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणांनी पालकांची जबाबदारी अधिक कठोर केली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-अ नुसार पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत हे घडले, किंवा ते टाळण्याची पुरेशी दक्षता आपण घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भारही पालकांवरच असतो. अपघातात कोणी जखमी झाल्यास विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. आयुष्यभराची पुंजी अशा एका सकाळी पणाला लागते.

ब्रिटनमध्ये नियमभंगाचे गुण परवान्यावर नोंदले जातात. तीन वर्षांत १२ गुण साचले की सामान्यतः वाहन चालवण्यास बंदी येते. नवख्या चालकाचा परवाना मात्र पहिल्या दोन वर्षांत सहा गुणांवरच रद्द होतो. मोटारसायकलचे परवानेही तेथे वय आणि इंजिनाची शक्ती पाहून टप्प्याटप्प्याने मिळतात. आपल्या २०१९ च्या सुधारणांत गुणांची अशी वही नाही. तरी केवळ दंड भरून सुटका होते, असेही नाही. हेल्मेट नसणे किंवा दुचाकीवर तिघे बसणे यांसाठी दंडाखेरीज तीन महिने परवान्यास अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

यावर उपाय घरातच आहेत. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत सायकल, एसटीचा पास किंवा शेजारच्या चार मुलांसाठी मिळून रिक्षा. ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेगाच्या आणि २५० वॅटपर्यंतच्या मोटारीच्या विद्युत दुचाकीला परवाना लागत नाही. हेल्मेट मात्र तिच्यावरही घालावे. मोठ्यांनी स्वतः हेल्मेटशिवाय गाडी काढली, तर मुलांना दिलेला उपदेश उंबरठ्याबाहेर जात नाही. अपघात बहुधा क्षणाच्या प्रमादातून घडतो. संयमाची सवय मात्र वर्षानुवर्षे घरातच लावावी लागते.