पाणी मुबलक, वीज ऋतूनुसार : नेपाळच्या ऊर्जासुरक्षेचा प्रश्न

गरजेच्या वेळी, परवडणाऱ्या दरात आणि खात्रीने ऊर्जा मिळणे, असा ऊर्जासुरक्षेचा साधा अर्थ आहे. अल्पविकसित देशांसाठी यातील ‘गरजेच्या वेळी’ हे शब्द किती कळीचे असतात, हे आपल्या शेजारी नेपाळच्या अनुभवावरून ध्यानात येते. कोशी, गंडकी आणि कर्णाली या नद्यांच्या खोऱ्यांमुळे नेपाळची सैद्धांतिक जलविद्युत क्षमता सुमारे ८३ हजार मेगावॉट मानली जाते. काठमांडूजवळ फर्पिंग येथे १९११ मध्येच ५०० किलोवॉटचे जलविद्युत केंद्र सुरू झाले होते. असे असूनही २००८-०९ च्या हिवाळ्यात राजधानीत दिवसाला सोळा तासांपर्यंत भारनियमन करावे लागले.

या टंचाईमागे निसर्गापेक्षा राजकीय आणि आर्थिक कारणे अधिक होती. ‘अरुण-३’ या मोठ्या प्रकल्पातून जागतिक बँकेने १९९५ मध्ये माघार घेतली. पुढील वर्षी सुरू झालेला सशस्त्र संघर्ष २००६ पर्यंत चालला आणि या काळात गुंतवणूक रोडावली. ऑगस्ट २००८ मध्ये कोशी नदीचा बांध फुटला, तेव्हा भारतातून वीज आणणाऱ्या वाहिनीचे मनोरेही पुरात कोसळले.

खरी कसोटी मात्र २०१५ मध्ये लागली. एप्रिलमधील भूकंपाने काही वीज केंद्रांची हानी झाली होती. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना लागू झाल्यानंतर तराई भागात आंदोलन पेटले आणि भारतातून होणारी इंधनाची वाहतूक अनेक महिने विस्कळीत राहिली. नेपाळने याला नाकेबंदी म्हटले. भारताने तो आरोप नाकारला. कारण कोणतेही असो, पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांसाठी एकाच मार्गावर विसंबणाऱ्या देशाची अवस्था काय होते, हे त्या हिवाळ्यात दिसले. गॅस मिळेना म्हणून शहरी कुटुंबांनी विजेच्या शेगड्या घेतल्या. परंतु वीजही पुरेशी नव्हती.

भारनियमनाचा शेवट त्यानंतर अनपेक्षित वेगाने झाला. मुझफ्फरपूर ते ढल्केबर ही आंतरदेशीय वाहिनी फेब्रुवारी २०१६ मध्ये कार्यान्वित झाली. त्याच वर्षी नेपाळ विद्युत प्राधिकरणाची सूत्रे हाती घेतलेल्या कुलमान घिसिंग यांनी उपलब्ध विजेचे वाटप नव्याने आखले. दिवाळीच्या सुमारास काठमांडू खोरे भारनियमनमुक्त झाले आणि २०१८ मध्ये देशभरातील घरगुती ग्राहकांसाठी तशी घोषणा झाली. या यशात भारतातून आयात केलेल्या विजेचा वाटा मोठा होता, हे येथे नमूद करावयास हवे.

त्यानंतर ४५६ मेगावॉटच्या ‘अपर तामाकोशी’सह अनेक प्रकल्प पूर्ण झाले आणि स्थापित क्षमता तीन हजार मेगावॉटच्या पुढे गेली. तथापि हा आकडा फसवा आहे. बहुतेक प्रकल्प नदीच्या चालू प्रवाहावर चालतात. पाणी वर्षभर साठवून ठेवण्याची सोय त्यांत नाही. महाराष्ट्रातील कोयनेत पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत राखता येते. नेपाळमध्ये अशी सोय प्रामुख्याने कुलेखानी येथे आहे आणि तेथील पहिले केंद्र अवघे ६० मेगावॉटचे आहे. परिणामी हिवाळ्यात नद्या आटल्या की उत्पादन स्थापित क्षमतेच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत घसरते. दरांतही हेच प्रतिबिंब दिसते. प्रवाही प्रकल्पांच्या खरेदी करारांत पावसाळी विजेला प्रतियुनिट ४.८० नेपाळी रुपये, तर कोरड्या हंगामातील विजेला ८.४० रुपये असा दर ठरविण्यात आला. मोठे जलाशय बांधणे हा उपाय उघड आहे. पण त्यात सुपीक खोरी आणि वस्त्या बुडतात. विस्थापनाची ही किंमत कोयनाकाठच्या गावांना वेगळी सांगावयास नको.

पावसाळ्यातील जादा विजेसाठी बाजारपेठ मात्र मिळू लागली आहे. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळची वीज भारतीय वीज बाजारात विकली जाऊ लागली. दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट वीज भारताने घ्यावी, असा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय वाहिन्यांतून बांगलादेशला ४० मेगावॉट वीज प्रथमच पोहोचली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तर नेपाळची वीज निर्यात आयातीपेक्षा किंचित अधिक भरली. या व्यापाराला मर्यादाही आहेत. चिनी गुंतवणूक किंवा सहभाग असलेल्या प्रकल्पांची वीज घेण्यास भारत राजी नाही. शिवाय पावसाळ्यात निर्यात करणारा हाच देश हिवाळ्यात भारताकडून वीज घेतो आणि भारतातील बहुतांश वीज कोळशावर तयार होते.

हवामान बदलाचे संकटही याच नद्यांवर घोंघावत आहे. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत अनेक प्रकल्पांचे नुकसान झाले. जुलै २०२५ मध्ये तिबेटच्या बाजूने आलेल्या पुराने रसुवा जिल्ह्यातील मैत्री पूल वाहून गेला आणि तेथील जलविद्युत केंद्रांनाही तडाखा बसला.

स्वच्छ वीज देशातच अधिक वापरली गेली, तर आयात इंधनावरील भार हलका होईल. वाहनांच्या बाबतीत करसवलतींमुळे हा बदल दिसू लागला असून, अलीकडच्या वर्षांत आयात झालेल्या नव्या मोटारींत बहुसंख्य विजेवर चालणाऱ्या आहेत. स्वयंपाकघरात मात्र तसे घडलेले नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार ९२ टक्के घरांत विजेचे दिवे पोहोचले होते. परंतु निम्म्याहून अधिक कुटुंबांची चूल लाकडावरच पेटत होती आणि विजेवर स्वयंपाक करणारी कुटुंबे एक टक्काही नव्हती. डोंगराळ गावांतील वाहिन्या आणि रोहित्रे दिव्यांच्या भाराचा विचार करून बसविलेली आहेत. एकाच वेळी पाच-पन्नास घरांतील शेगड्या सुरू झाल्यास तो भार त्यांना पेलत नाही. धुरात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने, नवा प्रकल्प किती मेगावॉटचा यापेक्षा गावचे रोहित्र कधी बदलणार, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.