गाठ नसलेला कर्करोग

न्यूझीलंडमधील टौरंगा परिसरातील एका मोठ्या माओरी कुटुंबात तीन दशकांत सुमारे २५ जण जठराच्या कर्करोगाने दगावले. सर्वांत लहान रुग्णाचे वय अवघे १४ वर्षे होते. या घराण्याला शाप आहे, अशी कुजबुज होती. कुटुंबातील जाणत्यांनी मात्र ओटागो विद्यापीठातील संशोधकांना गाठून आपली वंशावळ त्यांच्यापुढे मांडली. व्यापारी घराण्यांत पणजोबांच्या काळातील देणे-घेणे वहीत सापडते. पणजोबा कोणत्या आजाराने गेले, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. माओरी समाजाची वंशावळ जपण्याची परंपरा येथे कामी आली.

१९९८ मध्ये पॅरी गिलफोर्ड व सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात उलगडा प्रसिद्ध केला. दोष सीडीएच-१ या जनुकात होता. हे जनुक ‘ई-कॅडहेरिन’ नावाचे प्रथिन घडवते आणि त्याच्या बळावर पेशी एकमेकींना बिलगून राहतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी सदोष प्रत अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. पुढे जठरातील एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी झाली, की ती शेजारणींपासून सुटते. तिच्यात श्लेष्मा साचून केंद्रक कडेला ढकलले जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. अशा पेशी गाठ न बांधता अस्तराखाली सुट्या-सुट्या पसरतात. वरचे अस्तर शाबूत राहते, त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीतही त्या अनेकदा निसटतात. लक्षणे दिसू लागेपर्यंत पुष्कळदा जठराची भिंत जाड व ताठर होऊन चामड्याच्या पखालीसारखी झालेली असते.

म्हणूनच सदोष जनुक आढळलेल्यांना बहुधा संपूर्ण जठर आधीच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. (स्त्रियांना एका विशिष्ट प्रकारच्या स्तनकर्करोगाचाही धोका असतो, त्यामुळे त्याचीही नियमित तपासणी करावी लागते.) सल्ला कठोर वाटतो; परंतु दुर्बिणीने निर्दोष ठरवलेले जठर काढून त्याचे बारीक काप तपासले असता, बहुतेकांत अंगठीसारख्या पेशींचे सूक्ष्म पुंजके सापडतात.

शस्त्रक्रियेत अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. त्यानंतर वजन उतरते, थोडे-थोडे अन्न दिवसातून अनेकदा घ्यावे लागते. ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यास लागणारा घटक जठरातच तयार होत असल्याने त्याची इंजेक्शने बहुधा जन्मभर चालू राहतात. त्या माओरी कुटुंबातील अनेकांनी, कोणतीही तक्रार नसताना, ही शस्त्रक्रिया करून घेतली.