रंग ओळखा, जोडी जपा!

टेलिफोनची जाड केबल सोलली की रंगीबेरंगी तारांचा झुबका हाती येतो आणि नवशिका गोंधळतो. पण दहा रंग पाठ असले की कोडे सुटते. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच मुख्य रंग. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे त्यांचे पाच जोडीदार. पाच गुणिले पाच, झाल्या २५ जोड्या! पांढरा-निळा पहिली, लाल-निळा सहावी, जांभळा-राखाडी पंचविसावी.

संगणकाच्या नेटवर्क केबलमध्ये यांतल्या पहिल्या चारच जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. टी-५६८-बी पद्धतीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी ३ आणि ६ वर बसते, कारण मधल्या ४-५ या जागा टेलिफोनच्या जोडीसाठी ठेवलेल्या.

‘दोन्ही टोकांना क्रम सारखा असला की झाले, रंग कोणतेही चालतील,’ असे काही जण शिकवतात. आम्हाला हे पटत नाही. साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतील. पण ३ आणि ६ वर निरनिराळ्या जोड्यांच्या तारा आल्या तर पिळाचा उपयोगच संपतो. बाहेरचा विद्युत गोंगाट थोपवतो तो हा पीळ. जोडी फुटली की शेजारचे संकेत मिसळतात, नेटवर्क रखडते आणि दोष सापडता सापडत नाही.

म्हणून हे काम शिकणाऱ्या मुलामुलींनो, क्रम पाठ करा. टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका. दिवे लागले एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या कामाला कोणी नाव ठेवणार नाही!