अभ्यासक्रम आखतो कोण?

परवा नातवाचे दप्तर उचलले आणि खांद्यात कळ आली. हे ओझे ठरवणारी मंडळी असतात तरी कोण? नाशकात मी तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो. अभ्यासक्रम अनेकदा बदलला. मला कुणी एका शब्दाने विचारले नाही!

१९६४ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी भौतिकशास्त्रज्ञ. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याची धुरा वाहणारे प्रा. यशपाल विश्वकिरणांचे अभ्यासक. २०२३ च्या आराखड्याचे प्रमुख डॉ. कस्तुरीरंगन तर अवकाशशास्त्रज्ञ. तारे मोजणाऱ्यांनी मुलांचे तास मोजायचे, ही मौजच नव्हे काय?

अपवाद आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसलेला, गारगोटीच्या मौनी विद्यापीठासाठी झिजलेला, खेड्यातली शाळा जवळून पाहिलेला हा माणूस कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव झाला. 'दहा अधिक दोन अधिक तीन' हा आकृतिबंध त्याच अहवालातला.

हे सारे सौभाग्यवतीला तावातावाने सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "अहो, पण दप्तराविरुद्ध प्रथम तुम्ही मास्तर बोललात का?"

मी गप्प झालो. राज्यसभेत तो प्रश्न मांडला कादंबरीकार आर. के. नारायण यांनी, त्यावर १९९३ साली अहवाल दिला यशपालांच्याच समितीने. आम्ही ती वाकलेली पाठ रोज पाहत होतो, आणि हजेरी घेत होतो!

आता संध्याकाळी नातवाला एवढेच विचारतो, "बाळ, आज काय नको वाटले?" तो सांगतो. मी लिहून ठेवतो.