असंखेय्य : पालि गणनेतील एक निश्चित संख्या

पालि वाङ्मयात ‘असंखेय्य’ हा शब्द वारंवार येतो. बुद्धवंसात सुमेध तापसाचा काळ चार असंखेय्य आणि एक लक्ष कल्पांपूर्वीचा सांगितला आहे. शब्दाचा अर्थ ‘जे मोजता येत नाही ते’. असा शब्द आला की वाचक एकतर हात जोडतो, नाहीतर अतिशयोक्ती म्हणून तो सोडून देतो. आमच्या मते या दोहोंच्या आधी तो शब्द तपासला पाहिजे. कथेचा अर्थ हा स्वतंत्र विषय आहे. येथे आपण केवळ संख्येचा विचार करू.

कच्चायन व्याकरणात कोटीपासून वर जाणारी वीस नावे आहेत : कोटि, पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत, निन्नहुत, अक्खोभिनी, बिंदु, अब्बुद, निरब्बुद, अहह, अबब, अटट, सोगंधिक, उप्पल, कुमुद, पुंडरीक, पदुम, कथान, महाकथान आणि असंखेय्य. प्रत्येक संख्या मागील संख्येच्या शंभर लक्ष पट, म्हणजे दर पायरीला सात शून्ये वाढतात. वीस पायऱ्यांची १४० शून्ये होतात. म्हणून या गणनेत असंखेय्य म्हणजे १ वर १४० शून्ये. संस्कृत बौद्ध ग्रंथांत या शब्दाची निराळी मूल्येही आढळतात.

दृश्य विश्वातील अणूंची संख्या १ वर सुमारे ८० शून्ये इतकी मानली जाते. असंखेय्य तिच्याही फार पुढे आहे. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे, आणि त्याचे सेकंद केले तरी ती संख्या अवघी १८ अंकी भरते. तेव्हा एकेक करून असंखेय्य मोजणे अशक्यच. परंतु सेकंदाला एक अंक या गतीने ती लिहिण्यास २ मिनिटे २१ सेकंद पुरतात.

आता तिचे गुणधर्म पाहू. १० म्हणजे २ गुणिले ५. म्हणून या संख्येत १४० वेळा २ आणि १४० वेळा ५ येतात, तिसरा मूळ अवयव नाही. तिचा कोणताही विभाजक घेतला तर त्यात २ हा ० ते १४० वेळा आणि ५ हाही ० ते १४० वेळा येऊ शकतो. प्रत्येकी १४१ पर्याय, म्हणून एकूण विभाजक १४१ × १४१ = १९,८८१. ज्यांचा गुणाकार असंखेय्य होतो, अशा त्यांच्या ९,९४० जोड्या लागतात आणि एक विभाजक एकटा उरतो. तो म्हणजे ७० शून्यांचा ‘अहह’, यादीतील दहावे नाव. अहहाचा वर्ग म्हणजेच असंखेय्य. निन्नहुताचा चौथा घात, नहुताचा पाचवा आणि कोटीचा विसावा घातही तोच. मात्र १४० ला ३ ने पूर्ण भाग जात नसल्याने ही संख्या कोणत्याही पूर्ण संख्येचा घन नाही. अंकांची बेरीज १ असल्याने तिला ९ ने भागल्यास बाकी १ उरते.

मज्झिम निकायातील सुभसुत्तात भगवान बुद्ध स्वतःस विभज्जवादी, म्हणजे विभागून पाहून उत्तर देणारे, म्हणवतात. नावानेच ‘अगणित’ ठरलेली संख्या विभागून पाहताच तिचे सर्व विभाजक हाती येतात. शब्द कितीही भव्य असो, तो तपासावा; तपासल्याने त्याचे मोल कमी होत नाही.